मॅडमचा दुसरा हात

आमच्या खोलीत कॅमेऱ्याला दिसते ती जागा ताईची आणि दिसत नाही ती माझी. न दिसणारी जागा म्हणजे कपाट आणि खिडकी यांच्यामधली पट्टी. रुंदी अडीच फूट, मोजलीय मी. भिंतीला टेकून पाय दुमडले की गुडघ्यांवर वही मावते. पान उलटताना आवाज करायचा नाही, शिंक आली तर उशीत द्यायची आणि तास संपेपर्यंत उठायचं नाही, कारण उठलं की माझं डोकं ताईच्या खांद्यामागून उगवतं आणि एकसष्ट मुलं हसतात.

ताई फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी तिच्या कॉलेजच्या इमारतीला तळापासून गच्चीपर्यंत तडा गेला. हेल्मेट घातलेली दोन माणसं येऊन माना वर करून बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी दाराला साखळी लागली. नवी जागा मिळेपर्यंत सगळं ऑनलाइन, असं पत्र आलं. त्या 'पर्यंत'ला आता अकरा महिने झालेत.

माझी शाळा मात्र ठणठणीत आहे. यंदा तर सकाळच्या सूचना माइकवरून मी वाचते. मागच्या वर्षी हजेरीला नाव पुकारलं तरी माझ्या तोंडून 'हजर' निघायचं नाही, आणि आता मुख्याध्यापकबाई म्हणतात, अगं, मधे श्वास घेत जा. म्हणजे सकाळी साडेआठशे मुलांना गप्प करायचं आणि दुपारी घरी येऊन अडीच फुटांत स्वतः गप्प बसायचं. ताईचं त्याहून वाईट. ती सकाळी जिथे बसलेली असते तिथेच मला दुपारी सापडते, फक्त केस विस्कटलेले असतात.

"बाहेर जाऊन ये की जरा," मी म्हणते.

"कुठे? बाहेर जाऊन कुणाचे गुडघे चाचपू?"

हीच तिची खरी अडचण होती. हे शिक्षण हाताचं. स्नायू कुठे सैल आहे, सांधा कुठे अडतो, हे बोटांना कळावं लागतं, आणि अकरा महिन्यांत तिच्या बोटांना एकच शरीर मिळालं होतं. माझं. ती मला नावानं हाक मारायची विसरलीच आहे. "पेशंट, इकडे ये," म्हणते. मी पलंगावर पडते, ती माझा पाय उचलते, कानाशी मॅडमचा आवाज चालू असतो. त्यात माझे सांधे रबराचे. माझा हात कुणीही, कसाही, झोपेत जरी उचलला तरी सरळ कानाला जाऊन लागतो. ताई खूश व्हायची. तिला वाटायचं, आपल्याला जमतंय.

मोठ्या मॅडम त्यांच्या घरच्या बैठकीतून शिकवतात. पेशंट म्हणून त्यांचे मिस्टर स्टुलावर बसतात, लॅपटॉपकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलासारखे. अख्खी बॅच त्यांना 'सांगाडा' म्हणते, प्रेमानं. मॅडम त्यांच्या बाजूला उभ्या राहून एका हातानं त्यांचा हात वर नेतात आणि बोलत राहतात. मी पट्टीत बसून इतक्या वेळा ऐकलंय की मलाही तोंडपाठ आहे.

मधे कॉलेजकडून एक फॉर्म आला. 'ऑनलाइन शिक्षणाबद्दल विद्यार्थ्यांचे मत.' त्या दिवशी ग्रुपवर जो गोंधळ झाला तो ताईनं मला वाचून दाखवला. एक मुलगा दोन तासांचा प्रवास करून यायचा, त्याला हे अकरा महिने म्हणजे सुट्टीच वाटत होती. एकीचं बाळ लहान, ती म्हणाली की हे नसतं तर मी कॉलेज सोडलंच असतं. हाडांचे तास ऑनलाइनच बरे, यावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण थांबवून, मागे नेऊन, मोठं करून बघता येतं. वर्गात शेवटच्या बाकावरून काय दिसायचं, मॅडमची वेणी. आणि प्रश्न क्रमांक नऊ होता, 'हाताने करायचे विषय समजले का?' त्यावर सगळ्यांनी 'हो' लावलं. 'नाही' लावणाऱ्यांचा शनिवारी जादा तास होणार होता. तोही ऑनलाइन.

"तूही हो लावलंस?" मी विचारलं.

"नाही लावून काय मिळणार होतं? अजून तीच स्क्रीनवरची खिडकी."

ताईचं सगळं लक्ष एका गोष्टीकडे लागलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक खरा पेशंट घ्यायचा, आठ आठवडे उपचार करायचे, दर आठवड्याला मोजमाप वहीत लिहायचं आणि नऊ तारखेला कॅमेऱ्यासमोर दाखवायचं. याला ते 'केस' म्हणतात. केस मंजूर झाली की बॅच दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलला जाणार होती, सहा महिने, हॉस्टेलवर, खऱ्या वॉर्डात. नामंजूर झाली तर पुढच्या तुकडीपर्यंत घरी. ताईनं बॅग दोन महिने आधी पलंगाखालून काढून पुसून ठेवली होती. खोटं कशाला बोलू, त्या बॅगेकडे मीही आशेनं बघत होते. ती गेली की अख्खी खोली माझी.

केस म्हणून आई मिळाली. आई औषधांच्या दुकानात काम करते. हिवाळ्यात ती दुकानाच्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं, सहा आठवडे हात झोळीत राहिला. मनगट जुळलं, पण तोवर खांदा आखडून बसला. हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जाईना.

बाबा म्हणाले, "घरात डॉक्टरीण असताना बाहेर कशाला दाखवायचं?"

"मी डॉक्टरीण नाहीये बाबा."

"होशील की. आधी आईवर हो."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना सगळंच दुरुस्त होण्यासारखं वाटतं.

पहिल्या दिवशी ताईनं आईचा हात असा धरला होता, जसा काही तो कुणी तिच्याकडे सांभाळायला दिलाय. कोन मोजायचं तिचं एक साधन आहे, दोन लांब पारदर्शक पट्ट्या खिळ्यानं जोडलेल्या. एक पट्टी अंगाच्या रेषेत, दुसरी हाताच्या रेषेत. "ऐंशी," ती म्हणाली आणि मी वहीत लिहिलं. माणसाचा हात पुढून पूर्ण वर गेला की एकशे ऐंशी होतात. आईला अजून शंभर अंश चढायचे होते.

मग रोज दुपारी, आई दुकानातून जेवायला आली की अर्धा तास. आई स्टुलावर, कॅमेऱ्याकडे तोंड करून. ताई बाजूला उभी राहून एका हातानं तिचा हात वर नेणार, अगदी मॅडमसारखी. मी पट्टीत. आणि आईचा हात खरंच वर जाऊ लागला. पंच्याण्णव. एकशे दहा. पाचव्या आठवड्यात एकशे पंचवीस. त्या दिवशी ताई आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच हातांकडे बघत होती, दोन्ही बाजूंनी, जणू आजच दुकानातून आणलेत.

मी बाजूला बसायचे, त्यामुळे मला आई बाजूनं दिसायची. हात वर जाताना तिची पाठ मागे कमानीसारखी वाकायची आणि खांदा कानाकडे चढायचा. मला वाटायचं, तसंच करायचं असतं. मला कोण विचारतंय.

आठवा आठवडा, एकशे चाळीस. परीक्षेला तीन दिवस उरले होते. मी शाळेतून येताना आईच्या दुकानात शिरले, वहीला लावायला चिकटपट्टी हवी होती. गिऱ्हाईक उभं होतं. वरच्या फळीवरचा खोकल्याच्या औषधाचा खोका काढायचा होता, फळी आईच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. आईनं पायानं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि डाव्या हातानं खोका काढला. उजवा हात पोटाशी, पंख मोडलेल्या कोंबडीसारखा.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "उजव्यानं का नाही काढलास? एकशे चाळीस झालेत की."

"घाई होती गं."

"आता नाहीये घाई. काढून दाखव."

आईनं माझ्याकडे बघितलं. आजकाल मी फार बोलते, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिनं उजवा हात वर नेला. खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. पाठ वाकायला लागली, पण मागे कपाट होतं.

"घरी जातो तो कसा?"

"घरी वाकता येतं ना," आई म्हणाली. "पहिल्या आठवड्यात चुकून वाकले, तर पोरीचा चेहरा असा उजळला. कॉलेज बंद झाल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं तिला. मग म्हटलं, वाकू थोडं. काय जातंय आपलं."

"आई, तुझा हात जातोय."

"हात कुठे पळून चाललाय? नऊ तारीख होऊ दे, मग बघू. तिला सांगू नकोस."

साडेआठशे मुलांना सूचना वाचून दाखवणाऱ्या मुलीला असं सांगायचं म्हणजे. मी घरापर्यंतचा रस्ता तोंड दाबून चालले. जिन्यात ठरवलं, नाही सांगायचं. सांगितलं तर केस गेली, हॉस्पिटल गेलं, बॅग परत पलंगाखाली आणि मी परत पट्टीत. न सांगण्यात सगळ्यांचंच भलं होतं. दार उघडलं तेव्हा ताई बॅगेत मोजे भरत होती आणि गुणगुणत होती.

"आई वाकते," मी म्हटलं.

तिला आधी कळलंच नाही. मग मी स्टूल आणलं, स्वतः बसून दाखवलं. हात उचलताना पाठ कशी मागे जाते, खांदा कसा चढतो, समोरून बघितलं तर त्यातलं काहीच कसं दिसत नाही. ताई जेवढा वेळ बघत होती तेवढा वेळ तिच्या हातात एक मोजा होता.

मग तिनं मॅडमचा जुना तास लावला. थांबवला, मोठा केला. मॅडमचा उजवा हात सांगाड्याचा हात उचलतोय. डावा हात? डावा खांद्यापासून सुरू होतो आणि सांगाड्याच्या पाठीमागे नाहीसा होतो. पुढचा तास लावला, त्यातही तेच. सगळीकडे मॅडमचा एकच हात.

"दुसरा हात फऱ्यावर आहे," ताई हळू म्हणाली. फरा म्हणजे खांद्याच्या मागचं ते चपटं हाड. "पाठ आणि फरा दाबून धरलाय त्यांनी मागून. म्हणून फक्त सांधा हलतोय." तिनं पुस्तक काढलं. पान उघडलं. 'फरा हाताने स्थिर ठेवावा.' वाक्य पिवळ्या रंगानं रंगवलेलं होतं. तिनंच रंगवलं होतं, वर्षभरापूर्वी.

"वाचलंय मी हे," ती म्हणाली. "पण नंतर व्हिडिओ बघितला ना. बघितलेलंच डोक्यात राहिलं."

"मॅडमनी सांगितलं कसं नाही?"

"पंचवीस वर्षं करतायत त्या. तू श्वास घेतेस ते सांगतेस का कुणाला?"

आई आली तेव्हा ताईनं तिला स्टुलावर बसवलं आणि डावा तळहात तिच्या पाठीवर ठेवला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टीत जाऊन बसले. हात वर गेला. पंच्याण्णवला थांबला. ताईनं तीनदा मोजलं. आठ आठवड्यांचं काम पंधरा अंश, आणि तेही कदाचित आपोआप झालेलं.

ताईनं पट्ट्या मिटून ठेवल्या. मग ताई म्हणाली, "परीक्षेत समोरूनच बघतात."

"हो ना," आई लगेच म्हणाली. "मी वाकते की."

"नंतर मी तिकडून आले की नीट करेन तुझा हात. सहा महिन्यांनी."

"चालेल. मला कुठे कुस्ती खेळायचीय."

दोघी माझ्याकडे वळल्या. परीक्षेत फोन मी धरणार होते. मी मान डोलावली.

त्या तीन दिवसांत ताई कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. बाबांनी दाराबाहेरून विचारलं, "काय गं, दोन मजल्यांमधे अडकल्यासारखी का बसलीयेस?" ती म्हणाली, "अभ्यास करतेय." बाबा थोडा वेळ दाराबाहेर उभे राहिले. त्यांचं म्हणणं असतं की अडकलेल्या माणसाशी आधी बोलत राहायचं, काम नंतर. पण दार उघडलं नाही आणि ते कामावर गेले.

नऊ तारखेला अकरा वाजता मी शाळा बुडवून फोन धरून उभी होते. फोन हलू नये म्हणून कोपर पोटाला टेकवलं होतं. पडद्यावर मोठ्या मॅडम, चष्मा केसांत खोचलेला. ताईनं केस सांगितली. आवाज स्वच्छ, एक शब्द अडखळला नाही. मग आईचा हात उचलला. आई वाकली. आठ आठवड्यांत ती त्यात तरबेज झाली होती. पट्ट्या लागल्या. एकशे चाळीस.

"छान," मॅडम म्हणाल्या. "हात खाली घ्या आई. दुखलं नाही ना?"

"अजिबात नाही हो."

"ऐंशीवरून एकशे चाळीस. आज सकाळपासूनचं हे सगळ्यात चांगलं काम आहे." मॅडमनी काहीतरी लिहिलं. मी श्वास सोडला. बॅग दाराशी होती, खोली माझी झाली होती. मॅडम पुढे बोलतच होत्या, "हे रेकॉर्डिंग मी ठेवून घेतेय. दुसऱ्या वर्षाला दाखवीन. त्यांना शिकवायला माझ्याकडे दुसरं काही नाहीये, तुम्हाला माहीतच आहे. तुझा हात बघून शिकतील."

ताई "थँक्यू मॅडम" म्हणाली. मग तिथेच उभी राहिली. मला फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता आणि पडद्यावरून नजर उचलली की खराही दिसत होता, आणि दोन्हीकडे तो सारखाच पांढरा पडत चालला होता.

"मॅडम, थांबा जरा. बंद करू नका."

"बोल."

"पेशंट, बाजूला ये," ताई मला म्हणाली. मी हलले नाही. मला खरंच वाटत होतं की मी ऐकलं नाही असं दाखवता येईल. "अगं, बाजूला ये म्हणतेय ना. खिडकीपाशी उभी राहा."

मी पट्टीत जाऊन उभी राहिले आणि फोन तिकडून धरला.

"आई, परत बस."

"झालं की गं आता," आई पुटपुटली. "कशाला उगाच."

ताईनं डावा तळहात आईच्या पाठीवर ठेवला, बोटं पसरून. उजव्यानं हात उचलला. सवयीनं आईची पाठ मागे आली आणि तळहाताला येऊन अडली. हात अर्ध्यात थांबला.

"पंच्याण्णव, मॅडम."

मॅडमनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला. "वहीत एकशे चाळीस आहे."

"वही चुकलीय. पहिल्या आठवड्यापासून. मला तीन दिवसांपूर्वी कळलं. तरी मी आज समोरूनच दाखवलं."

"फरा कुणी धरायचा, हे मी सांगितलं नव्हतं?"

"तुमचा हात सरांच्या मागे असतो, मॅडम. आम्हाला दिसत नाही."

पडद्यावर मॅडमनी स्वतःचा डावा हात वर केला, बघितला आणि खाली ठेवला. आतून सांगाड्याचा आवाज आला, "काय झालं गं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. जरा इकडे या. स्टूल घेऊन या. लॅपटॉप फिरवायचाय."

केस नामंजूर झाली. आता परत आठ आठवडे, पहिल्यापासून. मॅडम रागावल्या नाहीत, पण सूटही दिली नाही. म्हणाल्या, तीन दिवस आधी सांगितलं असतंस तर मी वेगळा विचार केला असता. संध्याकाळपर्यंत सगळ्या बॅचला बाजूनं दाखवायला सांगितलं. बासष्टातले तेवीस जण पास झाले, त्यातले बरेचसे असे की त्यांच्या घरी कुणीतरी आधीच डॉक्टर होतं. बाकीचे ताईसारखेच एका हाताचे निघाले.

ग्रुपवर पहिला मेसेज आला, 'अभिनंदन. एकटीला बुडायची भीती वाटली का?' त्याखाली अकरा जणांनी अंगठे लावले. बाळवालीनं लिहिलं, 'माझ्या सासूबाई आठ आठवडे वाकून वाकून आता कंबर धरून बसल्यात.' यावर कुणी अंगठा लावला नाही, पण थोडा वेळ शिव्याही थांबल्या. ताईनं फोन उशीखाली सारला.

सोमवारी तेवीस जणांची बस गेली. ताईनं बॅगेतले मोजे काढून कपाटात टाकले. मी म्हटलं, आता मला निदान पाय सरळ करायला तरी जागा दे. ती म्हणाली, बघू.

दुपारी आई जेवायला आली. ताईनं स्टूल खिडकीकडे आडवं लावलं. डावा तळहात पाठीवर, उजवा कोपराखाली. हात वर गेला, पंच्याण्णवला अडला, आणि या वेळी ताई तिथे थांबली नाही. तिनं तो अगदी किंचित, नखभर पुढे नेला.

आईचा श्वास अडकला. "दुखतंय," ती म्हणाली. आठ आठवड्यांत पहिल्यांदा.

ताईनं हात सोडला नाही आणि पुढेही नेला नाही.

"कुठे?" तिनं विचारलं.